उणे ऐंशीतली साक्ष

१

त्या दुपारी मेसमध्ये पोळ्या उरल्या.

बोरीवलीच्या पूर्वेला, अरण्याची हिरवी कड जिथे वस्तीच्या भिंतींना खेटते, तिथल्या त्या महाविद्यालयाच्या वसतिगृहात असे कधी घडले नव्हते. शांताबाईंच्या पोळीसाठी मुले रांगेत भांडत, आणखी एक मिळावी म्हणून लाडीगोडी लावत. आज मात्र पोळ्यांची चळत आधी वाफाळली, मग निवली, आणि शेवटी कुणी न उघडलेल्या पत्रांच्या गठ्ठ्यासारखी तिथेच पडून राहिली. मुले मान खाली घालून तिच्यापुढून सरकत होती आणि पलीकडच्या पातेल्यातला भात वाढून घेत होती.

सकाळी बातमी आली होती. गेटवरचे पहारेकरी धोंडिराम रुग्णालयात वारले. फ्लूचा ताप, मग न्यूमोनिया, आणि दोन आठवड्यांच्या झुंजीनंतर ही अखेर. वसतिगृहातली तापाची लाट तोवर ओसरली होती, मुले बरी होऊन परीक्षांच्या काळजीला लागली होती. त्या लाटेने एकच माणूस नेला, आणि तो का गेला याचे उत्तर दुपारपर्यंत प्रत्येकाच्या तोंडी तयार होते: शांताबाईंमुळे.

सूक्ष्मजीवशास्त्राची प्राध्यापक डॉ. सुलक्षणा राणे ताट घेऊन रांगेत उभी होती. तिने पोळ्यांपुढे ताट धरले.

"मॅडम, नका घेऊ," मागून कुणीतरी पुटपुटले. "रिस्क कशाला?"

शांताबाईंच्या हातात स्टीलचा चिमटा होता. वॉर्डनसरांनी तो धरायला लावला होता, आणि इतक्या वर्षांच्या सवयीच्या हातात तो परक्यासारखा दिसत होता.

"राहू द्या, मॅडम," त्या म्हणाल्या. "पोरांचं काही चुकत नाही. धोंडिरामदादांना रोज गेटच्या केबिनमध्ये पेज मीच नेत होते. माझाच ताप त्यांना लागला."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सगळ्यांनीच." त्यांनी चिमट्याने एक पोळी उचलली, ती निसटली, पुन्हा उचलली. "माझ्या आजीच्या हातचंही लोक खात नसत, मॅडम. पण आपला काही दोष नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तेवढा आधार तरी होता तिला. मला तोही नाही."

सुलक्षणा ती पोळी घेऊन कोपऱ्यातल्या टेबलाशी बसली. रोज सकाळी गेटमधून शिरताना धोंडिराम तिला हटकत, "काय गो बाय, आज उशीर झालो?" तिच्या वडिलांनी गिरणीत आयुष्य काढले, पण घरातली मालवणी त्यांच्याबरोबरच गेली. शहरात तिच्याशी ती बोलणारा हा शेवटचा आवाज होता. तो कुणामुळे थांबला, हे तिलाही हवे होते. आणि ते सांगू शकेल असा एक साक्षीदार तिच्याच प्रयोगशाळेत, उणे ऐंशी अंशांवर गोठून पडला होता.

२

"शुक्रवारी समितीची बैठक आहे," वॉर्डन चंद्रप्रकाश सर म्हणाले. "शांताबाईंना काढावं लागेल. पालकांचे फोन थांबत नाहीयेत."

"कशाच्या आधारावर, सर?"

"तुमच्याच! तुमच्या तपासणीत पहिलं पॉझिटिव्ह कोण आलं? त्या. विषय संपला."

एवढे बोलून त्यांना खोकल्याची उबळ आली. त्यांनी घाईने रुमाल तोंडाशी धरला. दिल्लीहून पुतण्याचे लग्न आटोपून ते परतले, तेव्हापासून हा खोकला त्यांच्याबरोबर फिरत होता.

"हा कधीपासूनचा, सर?"

"म्हणजे?" सरांची मान ताठ झाली. "तुम्ही आता माझी उलटतपासणी घेणार?"

"तुमचा नमुना फ्रीजरमध्ये आहेच. मला फक्त तो वाचायची परवानगी हवी."

सरांनी रुमालाची घडी करून खिशात घातली. "वाचा," ते म्हणाले. "पण शुक्रवारच्या आत."

महासाथीने सगळ्यांनाच काही ना काही शिकवले होते. या महाविद्यालयाने त्यातून एक शिस्त उचलली होती. दर सोमवारी वसतिगृहातली मुले व वॉर्डन आणि दर शनिवारी मेसचे लोक घशात काडी फिरवून आपला नमुना देत. परिचारिका क्रमांक घातलेल्या नळ्या हाती ठेवी. मुले पडद्याआड जाऊन स्वतःच काडी फिरवीत आणि नळी रॅकमध्ये ठेवून पळत. फ्लूची तपासणी झाली की नळ्या फ्रीजरमध्ये जात; पॉझिटिव्ह निघालेला क्रमांक फलकावर लागे आणि तो ज्याचा, त्याने सोबत्यांसह आठवडाभर खोलीत राहायचे. ही पद्धत सुरू झाली त्या दिवशी सुलक्षणाने सभागृहात मुलांना शब्द दिला होता, "या नळ्यांतून विषाणू बोलेल. तुमचं नाव कधीही बोलणार नाही."

तिने फ्रीजर उघडला. पांढऱ्या धुक्याचा एक लोट बाहेर आला आणि तिच्या मनगटांभोवती विरला. रॅकमध्ये पांढऱ्या टोपणांच्या नळ्या ओळीने उभ्या होत्या. मध्येच एक ओळ निळी, साथ सुरू होण्याच्या अगदी आधीच्या सोमवारची. त्या दिवशी घशासाठीच्या काड्या पुरवठादाराकडून आल्याच नव्हत्या, म्हणून नाकाच्या काड्या वापरल्या होत्या. त्यांच्या नळ्यांची टोपणे निळी. त्या सोमवारी वसतिगृहातल्या एकाही नळीत फ्लू सापडला नव्हता. शनिवारी शांताबाईंच्या नळीत सापडला. पुढच्या सोमवारी तो मुलांच्या कितीतरी नळ्यांत होता.

क्रम स्वच्छ होता. इतका स्वच्छ, की सुलक्षणाला त्याचाच संशय आला. तिने धोंडिरामांची जुनी नळी शोधली. नव्हती. एकही नव्हती. तिने परिचारिकेला फोन लावला.

"गेटवाले?" परिचारिका म्हणाली. "ते एजन्सीचे ना, मॅडम. ते आपल्यात येत नाहीत."

फोन ठेवल्यावरही ते शेवटचे वाक्य तिच्या कानात राहिले. ज्या माणसापुढून साऱ्या आवाराचा श्वास रोज आत-बाहेर जात होता, त्याच्याकडे कुणी काडी नेलीच नव्हती. शांताबाई पहिल्या आजारी पडल्या होत्या, की पहिल्या दिसल्या होत्या?

३

रुग्णालयाने धोंडिरामांचा नमुना जपून ठेवला होता. तो मिळवण्यासाठी सुलक्षणा विक्रोळीला, त्यांच्या चाळीत गेली. धोंडिरामांच्या पत्नी जानकीबाईंनी संमतीची सही केली आणि खिडकीबाहेरच्या खारफुटीकडे बघत म्हणाल्या, "ताप यायच्या आधीच्या रविवारी ते घरी आलेच नाहीत. बदलीचा माणूस गावाला गेलेला. गेट सोडून जाऊ कसा, म्हणाले. आठवडाभर तिथंच होते."

"कुठेच गेले नाहीत? बाजारात, दवाखान्यात?"

"गेट सोडून नाही गो. हट्टी माणूस." मग थोड्या वेळाने, "त्या पोळीवाल्या बाई फोन करतात मला. नुसत्या रडतात. मी काय बोलू त्यांना?"

बुधवारी निकाल आले. विषाणूंचे जनुकक्रम पडद्यावर एकाखाली एक उमटले, अक्षरांच्या लांबच लांब ओळी. सुलक्षणाला ही लिपी वाचण्याचा सराव फार जुना होता, कारण तिने आयुष्यभर विद्यार्थ्यांची प्रात्यक्षिकाची जर्नल तपासली होती. एकाचे जर्नल दुसरा उतरवतो, दुसऱ्याचे तिसरा. उतरवताना दुसऱ्याची एक चूक होते; तिसरा ती चूक इमानाने उतरवतो आणि आपली एक भर घालतो. कुणी कुणाचे पाहून लिहिले, हे शाईवरून किंवा तारखेवरून कळत नाही, चुकांवरून कळते. विषाणूही स्वतःची नक्कल करताना असाच अधूनमधून चुकतो.

वॉर्डनसरांचा विषाणू अगदी वेगळ्याच घराण्यातला निघाला. दिल्लीचा पाहुणा. त्यांनी तो आणला आणि तो त्यांच्यापाशीच थांबला. सरांची घाई भीतीपोटी होती, गुन्ह्यापोटी नव्हती.

मुलांच्या नळ्यांत एकच मूळ पाठ होता. धोंडिरामांच्या विषाणूत तोच पाठ, अधिक एक चूक. आणि शांताबाईंच्या विषाणूत तोच पाठ, धोंडिरामांची ती चूक, अधिक आणखी एक.

सुलक्षणाने खुर्चीला पाठ टेकली. शांताबाईंनी धोंडिरामांना ताप दिला असता, तर त्यांची ती जास्तीची चूक धोंडिरामांत उतरली असती. ती नव्हती. मुलांना दिला असता, तर दोन्ही चुका मुलांत उतरल्या असत्या. त्याही नव्हत्या. पेज घेऊन गेलेली बाई पेजेच्या बदल्यात ताप घेऊन आली होती. साखळीत ती पहिली नव्हतीच, ती शेवटची होती.

पण मग धोंडिरामांना ताप कुणी दिला? ते गेट सोडून हलले नव्हते. म्हणजे तो गेटमधून त्यांच्याकडे चालत आला. वसतिगृहातलेच कुणीतरी. शनिवारी तो शांताबाईंपर्यंत पोचला होता, म्हणजे सोमवारी तो वसतिगृहात कुणाच्या तरी अंगात असायलाच हवा; आणि त्या सोमवारी तर वसतिगृहातली प्रत्येक नळी निर्मळ होती.

कुणीतरी त्या सोमवारच्या काडीतून निसटले होते.

४

ताप सर्वांत आधी पसरला तो पूर्वेच्या विंगेत, आणि पूर्वेच्या विंगेत राहत होती नाटकवाली मुले. एकांकिका स्पर्धेची धामधूम तेव्हा ऐन भरात होती. सुलक्षणाने चौकशी केली ती कँटीनच्या बाकावर, चहा पीत, काही ठरवून आलो नाही अशा बेताने.

"आजारी?" एकांकिकेची दिग्दर्शिका ऋतिका हसली. "मॅडम, प्रयोगाच्या तोंडावर कुणी आजारी पडायचं नाही, असा माझा फतवाच होता. एक पॉझिटिव्ह निघाला की अख्खी टीम आठवडाभर खोलीत बंद. वाट लागली असती. आणि आमच्या हिरोला बदली नट कुठून आणू? यज्ञेश आहे तो."

"तालमी कुठे व्हायच्या?"

"चारकोपला, इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये. माझ्या मामाचा गाळा रिकामा पडलाय. तिथं कितीही ओरडा, कोण विचारतंय?"

यज्ञेश आणि हर्षद एकाच खोलीत राहत. हर्षद प्रकाशयोजना बघायचा. गोल चेहऱ्याचा, कायम नाक ओढणारा.

"मला बारा महिने सर्दी, मॅडम," तो म्हणाला. "आई म्हणते, तू जन्मलास तोच शिंकत. त्या सोमवारी तर विचारू नका. काडी लावली आणि अशी शिंक आली, डोळ्यांसमोर काजवे चमकले."

"अरे, पडदा उडाला असेल नाटकाचा," यज्ञेश म्हणाला, पण त्याचे हसू ओठांवरच राहिले. देखणा मुलगा, आवाजात एक खोल कंप. गेल्या काही दिवसांत त्याचे डोळे खोल गेले होते.

"तुला काही त्रास झाला होता का रे त्या सोमवारी?" सुलक्षणाने सहज विचारले.

"नाही, मॅडम. नेहमीसारखंच. घशात काडी गेली की मला ओकारी येते, तेवढंच. ते तर दर वेळचंच आहे."

"तुमच्या विंगेत कुणी त्या वेळी बाहेर होतं? रात्री परतलं नाही असं?"

"नाही," दोघे एकदमच म्हणाले.

सुलक्षणाने चहाचा कप खाली ठेवला. काहीतरी बोलले गेले होते. एखाद्या ओळीत एक शब्द जागचा हललेला असावा आणि वाचणाऱ्याची जीभ तिथे अडखळावी, तसे तिचे मन अडखळले. पण कुठे, ते तिला सापडेना.

५

त्या निळ्या टोपणांच्या नळ्यांना तिने आजवर एकच प्रश्न विचारला होता: तुमच्यात फ्लू आहे का? आता तिने प्रश्न बदलला. तुमच्यात जे काही आहे, ते सांगा.

गुरुवारी उत्तर आले. दोन नळ्यांत, रॅकमध्ये शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन नळ्यांत, साध्या सर्दीचा विषाणू होता. त्यात नवल काही नव्हते. एका खोलीत राहणारे दोघे एकमेकांची सर्दी घेतातच. नवल होते ते प्रमाणात. नाकात शिरलेला विषाणू एकटा राहत नाही, त्याचा जमाव होतो, एकमेकांहून किंचित वेगळ्या भाऊबंदांचा. एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाताना त्या जमावातले मोजकेच उडून जातात आणि नव्या घरी नवा संसार मांडतात. त्यामुळे दोन माणसांतले जमाव तंतोतंत सारखे निघत नाहीत. दोन घरांत एकाच कृतीने केलेल्या आमट्या वेगळ्या लागतात. एकाच पातेल्यातून भरलेल्या दोन वाट्या मात्र अगदी सारख्या असतात.

या दोन नळ्या म्हणजे अशाच दोन वाट्या होत्या. नळ्या दोन, नाक एक.

मुलांच्या नळ्यांच्या क्रमांकांमागची नावे एका कुलूपबंद फाइलमध्ये होती आणि तिची किल्ली सुलक्षणाच्या खणात होती. तिने खण उघडला, किल्लीकडे पाहिले आणि खण परत लावला. शब्द दिला होता. आणि आता तिला किल्लीची गरजही उरली नव्हती, कारण अडखळलेला शब्द तिला सापडला होता.

तिने दोघांना प्रयोगशाळेत बोलावले.

"वर्गात प्रॉक्सी कशी लावतात, मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "आवाज बदलून 'प्रेझेंट' म्हणायचं. आमच्या वेळीही होतं. पण त्या सोमवारी तुमच्यापैकी एकाने दुसऱ्याच्या काडीची प्रॉक्सी लावली."

हर्षदचे नाक ओढणे थांबले.

"दोन नळ्यांत एकाच माणसाची सर्दी आहे. त्या दिवशी सर्दी कुणाला होती, हे तूच सांगितलंस, हर्षद. आणि यज्ञेश, तू म्हणालास नेहमीसारखीच घशात काडी गेली. त्या सोमवारी घशाच्या काड्याच नव्हत्या रे. सगळ्यांनी नाकातून नमुना दिला. तू तिथे नव्हतास, म्हणून तुला ते माहीत नाही."

हर्षद यज्ञेशच्या पुढे सरकला.

"चूक माझी आहे, मॅडम," हर्षद घाईने म्हणाला. "सिस्टरना मीच म्हटलं, यज्ञेश आंघोळीला गेलाय, त्याची नळी पण द्या. लेक्चरला इतक्या वेळा लावली, तसंच वाटलं."

"गप रे," यज्ञेश म्हणाला. मग तो खाली बघत बोलू लागला. रविवारी चारकोपच्या गाळ्यात ताप भरला. तिथेच पडून राहिला. सोमवारी सगळ्यांचे नमुने देऊन झाल्यावर, संध्याकाळी तो परत आला तो मुख्य रस्ता टाळून, अरण्याच्या कडेने, गेटलगतच्या छोट्या दाराने. दार धोंडिरामांनी उघडले.

"त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, 'झिला, तुझ्या अंगात ताप आसा मरे.' केबिनमध्ये बसवलं. आपल्या ग्लासातला चहा दिला, स्वतःची चादर पांघरली माझ्यावर. सर ओरडतील म्हणून अंधार पडल्यावर आत सोडलं, आणि कुणाला सांगितलं नाही." त्याचा आवाज फुटला. "ते आजारी पडले तेव्हा मला कळलं होतं, मॅडम. म्हणजे कळलं असतं, जर मी कळू दिलं असतं. पण सगळे शांतामावशीचं नाव घेत होते. ते खरं मानलं की झोप लागायची."

सुलक्षणाने त्याला बसायला स्टूल पुढे केले. एका खांद्यावरचे ओझे उतरवायचे म्हणून ती निघाली होती. ओझे हवेत विरत नाही, ते दुसऱ्या कुठल्यातरी खांद्यावर जाते, एवढे तिने धरून चालायला हवे होते. समोरचा खांदा फार कोवळा होता.

"हे तू मुद्दाम केलं नाहीस," ती म्हणाली. "ताप कुणाच्या अंगात गाठ मारेल, कुणाच्या अंगातून नुसताच निघून जाईल, हे कुणाच्या हातात नसतं. पण काडी चुकवणं तुझ्या हातात होतं. आणि त्या बाईला दोषी होऊ देणंही."

"तुम्ही उद्या समितीला माझं नाव सांगणार?"

"नाही. मी शब्द दिलाय, आणि तो तुलाही दिलाय." ती उठली. "माझं काम नळ्या बोलत्या करण्याचं. माणसांनी स्वतःच बोलायचं असतं."

६

शुक्रवारी समितीपुढे तिने जर्नलची गोष्ट सांगितली, चुकांची साखळी दाखवली. शांताबाई पहिल्या दिसल्या, कारण त्यांच्याकडे आपण पाहत होतो. गेटकडे पाहत नव्हतो. एवढे सांगून ती खाली बसली.

"मग आणला कुणी?" चंद्रप्रकाश सरांनी विचारले. "नाव?"

"नाव मला माहीत आहे, सर. देणार नाही. दिलं, तर पुढच्या सोमवारी एकही मूल खरी काडी देणार नाही, आणि पुढच्या साथीत आपण आंधळे असू."

सर रागावले, मग खोकले, मग आपल्याच खोकल्याकडे पाहिल्यासारखे गप्प झाले. शांताबाईंचे काम कायम राहिले. गेटवरच्या माणसांचीही सोमवारी तपासणी करायची, असे ठरले.

सुलक्षणा तडक मेसमध्ये गेली. रांग लागली होती. तव्यापाशी उभ्या शांताबाईंना तिने सारे सांगितले, सोप्या शब्दांत, दोनदा.

"म्हणजे माझ्या पेजेतून नाही?" शांताबाईंनी विचारले.

"नाही. तुम्हाला त्यांच्याकडून लागला. त्यांना तुमच्याकडून नाही."

तव्यावरची पोळी फुगली, करपली, आणि त्यांनी ती उलटली नाही. पदराचे टोक डोळ्यांशी नेऊन त्या तशाच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "मग त्यांना कुणी दिला, मॅडम?"

उत्तर रांगेत उभे होते. यज्ञेश रिकामे ताट घेऊन पुढे आला.

"मावशी," तो म्हणाला, नाटकातला आवाज मुळीच न लावता. "मी."

रांगेतली कुजबुज थांबली. शांताबाईंनी त्याच्याकडे पाहिले, फार वेळ पाहिले. त्या नजरेत राग येऊन गेला, त्यामागून आणखी काही आले, आणि शेवटी नुसता थकवा उरला.

"मला सांगून काय करू? विक्रोळीला जानकीबाई आहेत. त्यांना सांग."

"एकट्याने नाही जमणार, मावशी."

शांताबाईंनी करपलेली पोळी बाजूला काढली आणि गॅस बारीक केला. "मी येते. पण आधी जेव. असलं काही उपाशीपोटी बोलू नये."

त्यांनी स्टीलचा चिमटा ओट्यावर ठेवला, चळतीतली वरची पोळी हाताने उचलली आणि त्याच्या ताटात वाढली.